कोट नसलेल्या शहराची प्रदक्षिणा

चीनमधल्या शिआन शहराच्या तटावर भाड्याने सायकल मिळते. तट १३.७ किलोमीटर लांबीचा, चौदाव्या शतकात मिंग राजवटीत बांधलेला, आणि वरून इतका रुंद की चार-पाच सायकली शेजारी शेजारी आरामात चालाव्यात. माणूस वरून अख्ख्या जुन्या शहराला प्रदक्षिणा घालतो, खाली उतरतो आणि मुस्लीम मोहल्ल्यात जेवायला बसतो. तिथला नावाजलेला पदार्थ म्हणजे मटणाच्या रश्श्यातली रोटी. जाड, घट्ट रोटी गिऱ्हाइकाच्या हाती देतात. ती त्याने स्वतः बोटांनी बारीक कुस्करून वाडग्यात टाकायची, मग वाडगा आत जातो आणि वर उकळता रस्सा ओतून परत येतो. हे कळलं तेव्हा मला आपल्या नगर जिल्ह्यातल्या कर्जतची शिपी आमटी आठवली. ती नाक-डोळ्यांतून पाणी काढणारी, पण तिच्यातही बाजरीची भाकरी ज्याची त्याने चुरायची. दुसऱ्याने चुरून दिलेली भाकरी लागत नाही, असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. नगरलाही कोट होता, वेशी होत्या, तटाच्या आत बाजार आणि बाहेर बागा होत्या. मग नगरची प्रदक्षिणा सायकलवरून का करू नये?

२०२४ पासून शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, जामखेडजवळच्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंचं. बोलताना मात्र आम्ही पूर्वीही नगर म्हणत होतो, आताही नगरच म्हणतो. मे १४९० मध्ये मलिक अहमदने भिंगारच्या परिसरात बहामनी सेनापती जहांगीर खानाचा पराभव केला आणि जिथे जिंकला तिथेच पुढे राजधानी वसवली. थोड्याच वर्षांत लोक तिची तुलना कैरो आणि बगदादशी करू लागले, असं जुने इतिहासकार लिहून गेले. आज त्या राजधानीवरून उड्डाणपूल जातो. शिर्डीला, शिंगणापूरला निघालेल्या गाड्या इथे फार तर चहापुरत्या थांबतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या शहरासाठी चांदबिबी तटावर उभी राहिली, ते केवळ वाटेत लागणारं गाव नाही.

शिआनचा तट १९६१ साली चीनने राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केला आणि पुढे नेटाने दुरुस्त केला. आमचा कोट वाढत्या वस्तीने गिळला. ठळकपणे उभ्या आहेत त्या माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा. बाकीच्या वेशी पत्त्यांमध्ये राहिल्या आहेत: झेंडीगेट, मंगलगेट. रिक्षावाल्याला ही नावं सांगताना आपण नकळत जुन्या तटाची रेषाच काढत असतो. सायकल घेऊन ती रेषा धरायची, एवढाच माझा रविवारचा बेत असतो.

सकाळी सहाला माळीवाडा वेशीपासून निघावं. एसटी स्टँड जवळच असल्याने चहाच्या टपऱ्या तोवर जाग्या झालेल्या असतात. टपरीवरचे आजोबा हटकतात, “कुठं निघाला भाऊ सकाळच्या पारी?” कोटाला फेरी मारायला, असं सांगितलं की त्यांना त्यात काही नवल वाटत नाही. त्यांच्या पिढीला कोटाच्या आतलं गाव आणि बाहेरचं गाव हा फरक अजून ठाऊक आहे. वेशीच्या आत जरा पुढे विशाल गणपती, शहराचं ग्रामदैवत. देवळापुढे हार-दूर्वा मांडायची लगबग चालू असते. दर्शन घेऊन बाजारात शिरायचं.

आडते बाजार, दाळमंडई, कापड बाजार, गंज बाजार. या गल्ल्यांमधून दिवसा सायकलही नेववत नाही, पण दुकानं उघडायच्या वेळी त्या आपल्याला पुऱ्या मिळतात. दाळमंडईत शिरताच लाल मिरचीचा खाट घशात उतरतो. पाठोपाठ धने, सुकं खोबरं, दगडफूल, तमालपत्र. नगरच्या घरांतला काळा मसाला या गल्लीत जन्म घेतो. उन्हाळ्यात बायका इथून मिरच्या नेतात, उन्हात वाळवतात, खडा मसाला भाजतात आणि सगळं डंकावर कुटून आणतात. एका दुकानदाराने मला मिरची पारखायला शिकवलं. “वासावर जाऊ नका दादा, देठ बघा. देठ शाबूत, तर मिरची शाबूत.” चारचाकीत काचा वर करून बसलेल्याला हा बाजार दिसतो, पण खाट घशात उतरत नाही, आणि तो उतरल्याशिवाय नगरची आमटी समजत नाही असं माझं ठाम मत आहे.

नाष्ट्याला या भागात मिसळ मिळते, भजी मिळतात, आणि बेकऱ्यांमध्ये गरम पाव नुकताच उतरलेला असतो. मी मिसळ खातो. नगरची मिसळ पुण्यासारखी पोह्यांच्या आधाराने उभी नसते. मटकी, काळ्या मसाल्याचा कट आणि वर शेव-फरसाण, कांदा. कट पुन्हा मागितला तर माणूस न विचारता ओततो.

चितळे रोडची भाजी मंडई ओलांडून दिल्ली दरवाजाला आलं की शहराचं पश्चिमेचं अंग लागतं. जमीन सीना नदीकडे उतरते आणि पायडल आपोआप हलकं होतं. दरवाजाच्या कमानीखालून बाहेर पडलं की थोड्या अंतरावर बाग रौझा. मलिक अहमदची, म्हणजेच अहमद निजामशहाची ही कबर, काळ्या दगडात, घुमटाखाली. शहर वसवणारा माणूस शहराच्या अगदी कडेला, झाडांमध्ये निजला आहे. आवारात एका हत्तीचीही कबर दाखवतात. त्याचं नाव गुलाम अली, आणि १५६५च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला याच हत्तीने धरलं, असं सांगतात. हत्तीला कबर बांधावी एवढी त्याची आठवण ठेवणारे लोक इथे होते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. इथे घाई करू नये. दगडावरची नक्षी कोवळ्या उन्हात जेवढी उठून दिसते तेवढी नंतर दिसत नाही.

तिथून सर्जेपुऱ्याच्या अंगाने पूर्वेकडे वळलं की चढ सुरू होतो. चढ फार नाही, गाडीत बसलेल्याला तो कळतही नाही. सायकलवाल्याच्या मांड्यांना मात्र लगेच कळतो. आणि नगर उमगतं ते याच चढाने. पूर्वेला जमीन उंच, पश्चिमेला नदी. निजामशाहीतल्या कारागिरांनी या उताराचाच उपयोग केला. कापूरवाडी, वडगाव, भिंगार अशा ठिकाणांहून झऱ्या-विहिरींचं पाणी त्यांनी भाजलेल्या मातीच्या नळांनी शहरात आणलं. हे नळ चुना-दगडाच्या बांधकामात बसवून जमिनीखालून नेले होते. खापरी नळ म्हणतात त्यांना. मोट नाही, पंप नाही, केवळ उतार. त्या पाण्यावर हौद भरले, कारंजी उडाली, बागा फुलल्या. नगर हा कमी पावसाचा मुलूख, आजही उन्हाळ्यात टँकरच्या बातम्या येतात. अशा मुलखात कारंज्यांचं शहर वसवायचं म्हणजे जमिनीचा बोटभर उतारही कुणाला तरी पाठ असला पाहिजे. पुस्तकात हे सगळं वाचलं होतंच, पण मला ते पटलं चढावर गिअर बदलताना.

मंगलगेटवरून कोठला गाठावा. बुऱ्हाण निजामशहाने शिया पंथ स्वीकारला तो शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाने, आणि त्याच्यासाठी १५३६च्या सुमारास इथे विद्यापीठ उभं राहिलं. आज बारा इमाम कोठला म्हटलं की नगरकरांना मोहरम आठवतो. मोहरमात सवाऱ्या निघतात, त्यांच्यापुढे हिंदू-मुसलमान सारखेच नवस बोलतात आणि फेडतात. घराघरांत चोंगे आणि मलिदा होतो, रस्त्यावर सरबताची पिंपं मांडतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाताला धरून पाजतात. चोंगे म्हणजे गव्हाच्या पिठाच्या, गूळ घातलेल्या, नक्षी उठवलेल्या जाड पुऱ्या. एरवीच्या दिवशी झेंडीगेटच्या बाजूला सकाळी पाया आणि तंदूरची रोटी मिळते. ज्यांना चालतं त्यांनी इथे थांबावं. रोटी तोडून रश्श्यात भिजवताना आपण शिआनपासून फार लांब नाही, असं वाटून जातं.

आता भुईकोट किल्ला. आधी मातीचा होता. हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात तो दगडात बांधला. गोलसर आकार, रुंद खंदक, एकाला लागून एक बुरूज. १५९५-९६ मध्ये शाहजादा मुरादच्या मोगल फौजेने सुरुंगाने तट उडवला तेव्हा चांदबिबीने स्वतः उभं राहून रातोरात खिंडार बुजवून घेतलं. १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि किल्ला पडला. १८०३च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने तो घेतला. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावं आणि फाटकावर सायकलवरून उतरून विचारावं. जवान बहुतेक वेळा आपुलकीने बोलतात.

आत नेत्यांचा कक्ष आहे. ‘चले जाव’च्या ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना १९४२च्या ऑगस्टमध्ये इथे आणून डांबलं. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ मध्ये इथेच लिहिलं, हे शाळेत सगळ्यांना सांगतात. मला इथे मौलाना आझाद जास्त आठवतात. त्यांनी याच किल्ल्यात ‘गुबार-ए-खातिर’ची पत्रं लिहिली, जी तेव्हा टपालात पडलीच नाहीत. त्यांत चहावर पानंच्या पानं आहेत. पहाटे तीन-चारला उठून ते स्वतःच्या हाताने चहा करत. चहा चिनी, चमेलीच्या वासाचा, बिनदुधाचा. चहात दूध घालणं म्हणजे चहाचा नाश, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. बाहेर महायुद्ध पेटलेलं, एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला पत्नी झुलेखा बेगम गेल्या आणि शेवटची भेटही झाली नाही. तरी हा माणूस पहाटेच्या अंधारात नगरच्या कोठडीत पाणी किती उकळावं याचा विचार करतो. माणसाने स्वतःला सावरून कसं धरावं, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला ठाऊक नाही. दुधाळ जिल्ह्यातला मी, दुधाशिवाय चहा मला जात नाही, पण किल्ल्यातून बाहेर पडल्यावरचा पहिला कप मी आझादांच्या आठवणीने कोरा घेतो.

भिंगार कॅम्पातले रस्ते सावलीचे आणि रुंद आहेत. सायकलीला यापेक्षा चांगले रस्ते नगरमध्ये नाहीत. दमडी मशीद याच बाजूला आहे. आकाराने लहान, पण दगडातलं कोरीव काम पाहताना मान खाली होत नाही. भिंगारलाच १७०७ मध्ये औरंगजेब मेला. मराठ्यांना संपवायला दक्षिणेत उतरलेला बादशहा पाव शतक इथल्या चिखलात आणि उन्हात फिरला आणि परतलाच नाही. रणगाडा संग्रहालय आणि फराहबाग एखाद्या वेगळ्या रविवारी बघावीत.

पायांत दम असेल तर पाथर्डी रस्त्याने शहा डोंगर गाठायचा. शहरापासून साधारण दहा किलोमीटर, शेवटचा घाट खरोखर कस काढणारा. वर तीन मजली अष्टकोनी इमारत. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, पण ती मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबत खान याची कबर आहे. वरच्या सज्जात उभं राहिलं की मघाशी मांड्यांनी मोजलेला उतार डोळ्यांना दिसतो. डोंगर, मग भिंगार, मग किल्ल्याची झाडी, मग शहर, आणि पलीकडे सीनेचं खोरं. उतरताना ब्रेक तपासून उतरावं. खाली रस्त्याच्या कडेला पिठलं, भाकरी, ठेचा मिळतो. थंडीत गेलात तर कोवळ्या ज्वारीचा हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. कुणाच्या घरी जेवायचं भाग्य असेल तर हुलग्याची शेंगोळी मागून खावीत. हॉटेलात ती क्वचित मिळतात.

महापालिकेकडे माझं मागणं साधं आहे. जिथे जिथे वेस होती तिथे तिचं नाव आणि काळ सांगणारी एक दगडी पाटी बसवा. पाट्यांना जोडणारी पिवळी रेषा रस्त्यावर ओढा. रविवारी सकाळी नऊपर्यंत बाजारातल्या गल्ल्या मोटारींना बंद ठेवा. याला मोठा निधी लागत नाही. आणि उभ्या असलेल्या दोन वेशींकडे वाहतुकीतला अडथळा म्हणून बघू नका. वेशीत गाडी अडत असेल तर गाडीचा रस्ता बदलावा. साडेचारशे-पाचशे वर्षांची वेस पुन्हा बांधता येत नाही.

तोवर रेषा आपणच धरू. या रविवारी सहाला मी माळीवाडा वेशीखाली असेन. शाळेतली पोरं येऊ देत, पेन्शनर येऊ देत, जुनी डबल बारची सायकल असली तरी चालेल. टायरमध्ये हवा भरून या, ओळखपत्र विसरू नका, आणि दाळमंडईसाठी एक रिकामी पिशवी हँडलला अडकवा.