वजनकाटा हवा, पण कोठें?

महामार्गालगतच्या गांवांतील आमच्या कांहीं सभासदांकडून अलीकडे एकाच विषयावरचीं पत्रें येत आहेत. मालमोटारींचें वजन तपासण्यासाठीं रस्त्याच्या कडेला स्वतंत्र वजनकाटा, त्याला लागून गाड्या उभ्या करण्याचें पटांगण आणि आंत-बाहेर जाण्याच्या मार्गिका अशी योजना निघाली, कीं मोजणीचे खांब बागाईत रानांत रोवले जातात, अशी त्यांची तक्रार आहे. कित्येक पत्रांचा सूर "आम्हांस काटाच नको" असा आहे. कांहींनीं उलट, "सरकारी कामाला आडवें जाऊन काय मिळणार?" असें विचारून, मिळेल तो मोबदला घ्यावा व स्वस्थ बसावें, असा सल्ला दिला आहे. आम्हांस हीं दोन्ही मतें मान्य नाहींत. तीं कां मान्य नाहींत, हें वाचकांपुढें सविस्तर मांडणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

प्रथम काट्याची आवश्यकता पाहूं. गाडीच्या वजनानें रस्त्याची जी झीज होते ती वजनाच्या सरळ प्रमाणांत होत नाहीं. अमेरिकेंत इलिनॉय प्रांतांत १९५८ ते १९६० या काळांत रस्त्यांवर जे मोठे प्रयोग झाले, त्यांतून असें दिसून आलें कीं, आंसावरील भार वाढला म्हणजे झीज त्या भाराच्या सुमारें चतुर्थ घातानें वाढते. म्हणजे आंसावरील भार दुप्पट झाला तर नुकसान दुप्पट न होतां सुमारें सोळा पट होतें. भार नुसता पावपट वाढला तरी नुकसान जवळजवळ अडीचपट होतें. आपल्या देशांत २०१८ सालीं आंसभाराच्या मर्यादा वाढविण्यांत आल्या. चार चाकांच्या एका आंसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. तरीहि ही मर्यादा ओलांडणाऱ्या गाड्या आपण रोज पाहतों. रस्ता फुटला म्हणजे त्याचा खर्च कर भरणाऱ्या सर्वांवर पडतो, आणि खड्ड्यांतून जातांना टोमॅटोच्या, द्राक्षांच्या पेट्यांचें नुकसान होतें तें आपलेंच. म्हणून अतिभारास आळा बसलाच पाहिजे.

येथें आपल्या पदरांतील दोषहि कबूल करणें प्राप्त आहे. गळीत हंगामांत ट्रॅक्टरामागें दोन दोन ट्रॉल्या जोडून, बाजूंनीं वाढे लोंबत असलेला ऊस रस्त्याच्या मध्यावरून ओढीत नेणारे लोक कोणी परके नाहींत. कांद्याच्या हंगामांत चार पैसे भाडें वांचावें म्हणून आणखी दहा गोणी चढविण्यास सांगणारे आपलेच भाऊबंद असतात. साखर कारखान्याच्या काट्यावर काटामारी होते म्हणून आपण ओरड करतों आणि अचूक वजनाचा आग्रह धरतों, तो आग्रह योग्यच आहे. परंतु काटा आपल्या बाजूनें असतांना पवित्र आणि आपल्या गाडीखालीं आला कीं जुलमी, असें म्हणतां येणार नाहीं. सरसकट "काटाच नको" म्हणणाऱ्या बंधूंस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, या भूमिकेनें आपला खरा मुद्दाहि दुबळा होतो.

आपला खरा मुद्दा जागेचा आहे. रस्ता ही एक रेषा आहे. दोन गांवें जोडावयाचीं तर ती रेषा कोणाच्या ना कोणाच्या शेतांतून जाणारच, आणि ती थोडी वळवूं गेल्यास पुढचें मागचें सारेंच बदलावें लागतें. काटा मात्र एका ठिकाणीं बसणारी वस्तु आहे. तो या शिवारांत बसला काय किंवा पांच किलोमीटर पुढें माळावर बसला काय, त्याच गाड्या त्यावरून जाणार. कायद्यानेंहि ही सवड ठेविली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ११४ व्या कलमाप्रमाणें, अतिभाराचा संशय आला तर, गाडीच्या पुढील मार्गापासून १० किलोमीटरच्या आंत, किंवा ती जेथें जावयाची त्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आंत असलेल्या काट्यावर गाडी नेण्यास अधिकारी चालकास सांगूं शकतो. मग अमुक गटांतील विहिरीवरच काटा बसला पाहिजे, असा हट्ट कशासाठीं?

भूसंपादनाचा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अंमलांत आला. त्याच्या १० व्या कलमांत, वर्षांतून अनेक पिकें देणारी ओलिताची जमीन अपवादात्मक परिस्थितींतच, आणि दुसरा उपायच उरला नाहीं असें दाखवितां येईल तेव्हांच घ्यावी, असें म्हटलें आहे. महामार्ग, लोहमार्ग, कालवे, विजेच्या तारा अशा लांबट रेषेच्या कामांना या कलमांतून सूट आहे. राष्ट्रीय महामार्गांसाठीं जमीन १९५६ च्या स्वतंत्र कायद्यानें घेतली जाते, व तेथें २०१३ च्या कायद्यांतील मोबदल्याच्या तरतुदी लागू असल्या तरी बाकीचीं बंधनें लागू नाहींत. तेव्हां १० व्या कलमाच्या अक्षरावर आपणांस विसंबतां येणार नाहीं. परंतु त्या सुटीमागचें तत्त्व आपल्याच बाजूचें आहे. रेषेला जागा बदलतां येत नाहीं म्हणून तिला सूट दिली. ज्या कामाला जागा बदलतां येते त्यानें रेषेच्या नांवावर त्या सुटीचा लाभ कां घ्यावा?

जमीन जाते म्हणजे काय जातें, तें सातबाऱ्यावरील क्षेत्राच्या आंकड्यावरून कळत नाहीं. काट्याचें पटांगण चार गटांच्या मध्यें आलें तर पलीकडच्या विहिरीची जलवाहिनी तुटते, आणि क्षेत्र न गेलेलें शेतहि कोरडवाहू होतें. शेताची पाणंद बंद झाली म्हणजे ऊस बाहेर काढण्यास दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागावी लागते. भाऊबंदकीचे कितीतरी दावे अशाच वाटेवरून सुरू झालेले आहेत. काँक्रीटनें मढविलेल्या पटांगणावर पडलेलें पावसाचें पाणी मुरत नाहीं. त्याला नाल्यापर्यंत वाट करून दिली नाहीं तर तें सखल बाजूच्या काळ्या रानांत सांचतें, आणि तें रान चिबड होतें. ज्याचें क्षेत्र गेलें त्याला मोबदला तरी मिळतो; ज्याची वाट गेली, पाणी गेलें किंवा रान चिबडलें, त्याचें नांव पुष्कळदां यादींतहि नसतें.

याहून एक गोष्ट अशी आहे कीं तिचा विचार योजना करणाऱ्यांनीं स्वतःच्या हितासाठींहि करावा. २०१९ च्या दुरुस्तीनें अतिभाराचा दंड २०,००० रुपये, व शिवाय जादा भाराच्या दर टनास २,००० रुपये, असा झाला. जादा माल मालकाच्या जोखमीवर उतरवावा लागतो तो वेगळाच. इतकी धास्ती असतां काटा चुकविण्यास वाट असेल तर भारी गाडी ती वाट धरणारच. गांवाजवळ काटा बसविला आणि गांवांतून समांतर रस्ता असला, तर रात्रीं त्या गाड्या गांवच्या वेशींतून जाऊं लागतील. हलक्या वाहतुकीसाठीं बांधलेला गांवरस्ता एका पावसाळ्यांत उखडेल, शाळेच्या व दूध संकलनाच्या वाटेवर धोका उभा राहील, आणि ज्या गाड्या पकडावयाच्या त्या सुटून जातील. म्हणजे जागा चुकली तर गांवाचें नुकसान होऊन काट्याचाहि हेतु फसतो.

गांवांत या विषयावर एकमत नसतें, हेंहि आम्ही जाणतों. रस्त्याच्या तोंडावर ज्याची जमीन आहे त्याला हॉटेल, गाड्या दुरुस्तीचें दुकान, भाड्याची जागा अशीं स्वप्नें दिसतात, आणि त्याला दोष देतां येत नाहीं. परंतु त्याच्या मागें ज्याचें शेत आहे त्याच्या वांट्याला त्यांतलें कांहींच येत नाहीं. समोरच्यानें संमति दिली म्हणून मागच्याची हरकत दाबली जाऊं नये, आणि मागच्यानेंहि समोरच्यास गांवद्रोही म्हणूं नये. ग्रामसभेंत दोघांचीं म्हणणीं उघडपणें नोंदलीं गेलीं तर गांवांत फूट पडण्याचें टळेल.

"देशाच्या कामासाठीं जमीन जाते, तिथें कुरकुर कसली?" असें विचारणाऱ्यांस आम्ही सीमेवरील नाक्यांचें उदाहरण दाखवूं इच्छितों. महाराष्ट्राच्या सीमांवर २२ ठिकाणीं परिवहन, विक्रीकर व उत्पादनशुल्क या खात्यांची तपासणी एकत्र करणारे मोठे नाके उभारण्याची योजना आंखली गेली. इन्सुली, कागल, हाडाखेड हीं त्यांपैकीं कांहीं ठिकाणें. पुढें १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि सीमेवर विक्रीकर तपासण्याचें प्रयोजनच संपलें. त्याच दिवशीं मुंबईची जकातहि गेली, आणि ज्या जकात नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत ते ओस पडले. सीमेवरील परिवहन खात्याचे नाकेहि बंद करावेत असा प्रस्ताव २०२५ सालीं पुढें आला. आज अपरिहार्य म्हणून सांगितलेली सोय दहा-पंधरा वर्षांत निरुपयोगी होऊं शकते. काँक्रीटखालीं गेलेली काळी माती मात्र पुन्हां पिकाखालीं येत नाहीं. म्हणून जेथें माळावर भागतें तेथें मळा घेऊं नये.

मग काटा बसवावा कोठें? आमच्या मतें पहिला विचार टोलनाक्याचा व्हावा. तेथें जमीन पूर्वींच संपादन झालेली आहे, रस्ता रुंद आहे, गाडीचा वेग कमी झालेलाच असतो, आणि अनेक टोलनाक्यांच्या मार्गिकांत चालत्या गाडीचें वजन घेणारीं यंत्रें बसविलेलीं आहेत. तेथें संशयित गाडी बाजूला घेऊन स्थिर काट्यावर पुन्हां तोलण्याची व जादा माल उतरवून सुरक्षित ठेवण्याची सोय करावी. नाशवंत माल असेल तर तो दुसऱ्या गाडींत लौकर भरतां यावा म्हणून सावली व धक्काहि असावा. टोलनाक्यावर जमत नसेल तर घाटाच्या पायथ्याशीं किंवा मोठ्या नदीच्या पुलाच्या अलीकडे, जेथें चुकवून जाण्यास वाट नाहीं अशी जागा शोधावी. आणि तेथेंहि सरकारी, मुरमाड वा पडीक जमीन आधीं तपासावी. एवढें करूनहि बागाईत जमीन घेणें भागच पडलें, तर जलवाहिन्या, पाणंदी व पावसाच्या पाण्याचा निचरा हीं तिन्ही मूळ नकाशांतच दाखविलीं जावींत. "काम झाल्यावर पाहूं" या आश्वासनाचा अनुभव आपणां सर्वांस आहे.

आतां शेवटचें, आणि कामाचें. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालीं जमीन घेण्याचा उद्देश ३-अ कलमान्वयें राजपत्रांत प्रसिद्ध होतो, व त्याचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापला जातो. त्यांपैकीं एक देशी भाषेंतलें असावें लागतें. राजपत्रांत प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांच्या आंत ३-क कलमाखालीं लेखी व सकारण हरकत घ्यावी लागते, आणि सक्षम प्राधिकाऱ्यास हरकतदाराचें म्हणणें समक्ष किंवा वकिलामार्फत ऐकून घ्यावें लागतें. त्यानें दिलेला निर्णय अंतिम असतो. पुढें ३-ड ची अधिसूचना निघाली म्हणजे जमीन केंद्र सरकारची झाली. मग वाद उरतो तो केवळ मोबदल्याचा. आमच्या अनुभवास असें येतें कीं, हे २१ दिवस चावडीवर चर्चा करण्यांत जातात, आणि बाविसाव्या दिवशीं रस्ता अडविण्याची भाषा सुरू होते. रस्ता अडविल्यानें अडून पडतो तो पुष्कळदां आपल्याच भाजीपाल्याचा ट्रक.

हरकत लिहितांना नुसतें "आमचा विरोध आहे" असें लिहूं नये. गट नंबर, क्षेत्र, विहीर, बोअर, जलवाहिनी किती फूट व कोणत्या गटांतून जाते, पाणंद कोणाकोणाची, पावसाचें पाणी कोणीकडे वाहतें, हें सर्व हातानें काढलेल्या कां होईना पण नकाशासह द्यावें. त्याबरोबर पर्यायी जागेचे गट नंबर व तिचें अंतर लिहावें, आणि ग्रामसभेचा ठराव जोडावा. सातबाऱ्यावर विहीर, झाडें व पिकें यांची नोंद आहे कीं नाहीं तें आजच पाहावें. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत पिकाची नोंद आपली आपणांस करतां येते. तरी ती करण्याचा आळस पुष्कळांकडून होतो, आणि उभ्या उसाचें रान कागदावर पडीक राहतें. जें कागदावर नाहीं त्यासाठीं भांडणें फार अवघड जातें.

ज्या गांवांत मोजणीचे खांब आलेले नाहींत त्या गांवांतील बंधूंनीं हा विषय दुसऱ्यांचा समजूं नये. रस्ते वाढत आहेत, आणि त्यांच्या कडेच्या सोयीहि वाढणारच. प्रत्येक महामार्गालगतच्या ग्रामपंचायतीनें आपल्या शिवारांतील पडीक व सरकारी जागांची यादी, तेथपर्यंतच्या वाटेसह, आधींच तयार करून ठेवावी. अधिकारी जागा पाहण्यास आले म्हणजे त्यांच्या हातीं ती यादी देतां येईल, आणि "बागाईत घेऊं नका" एवढेंच न सांगतां "ही जागा घ्या" असेंहि आपणांस सांगतां येईल. या कामीं ज्या सभासदांस नकाशा किंवा अर्ज तयार करण्यास साहाय्य हवें असेल त्यांनीं मंडळाकडे निःसंकोचपणें लिहावें. तें देण्यास आम्ही सदैव तयार आहों.