मंजूर, मंजूर!

संचालक मंडळात स्त्रिया, तरुण आणि निरनिराळ्या व्यवसायांतील व समाजस्तरांतील माणसे घेतली म्हणजे संस्थेचा नफा आपोआप वाढतो, असे मत अलीकडे उद्योगक्षेत्रात मोठ्या आवेशाने मांडले जाते. मंडळ एकरंगी असू नये याविषयी आमचे दुमत नाही. परंतु त्यासाठी दाखविले जाणारे नफ्याचे आमिष पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

वरिष्ठ अधिकारीवर्गातील विविधता आणि नफा यांचा संबंध दाखविणारे अहवाल मॅकिन्झी ही सल्लागार संस्था २०१५ पासून प्रसिद्ध करीत आली. २०२४ मध्ये दोन अमेरिकी प्राध्यापकांनी तेथील मोठ्या कंपन्यांच्या आकड्यांवरून पडताळा घेतला, तेव्हा त्यांना तसा संबंध आढळला नाही. नॉर्वेने २००३ मध्ये कायदा करून संचालकांत स्त्रियांचे प्रमाण किमान ४० टक्के ठरविले. त्यामुळे कंपन्यांचे मूल्य घटले, असा निष्कर्ष एका अभ्यासाने काढला. पुढील अभ्यासकांनी तोही अमान्य केला. तेव्हा नफ्याची हमी देणाऱ्यांनी आणि तोट्याची भीती घालणाऱ्यांनी, दोघांनीही जपून बोलावे हे बरे.

मग विविधतेचा उपयोग काय? धंदा चालविणे हे व्यवस्थापकांचे काम; त्यांना वेळीच जाब विचारणे हे संचालकांचे. एकाच गोतावळ्यातील, एकमेकांच्या उपकाराखाली दबलेली माणसे असा जाब विचारीत नाहीत. बाहेरून आलेला माणूस तो विचारू शकतो. त्याच्या एका प्रश्नाने बुडीत जाणारे कर्ज रोखले गेले, तर ते टळलेले नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. म्हणूनच नफ्याच्या आकड्यांवरून विविधतेचे मोल ठरविणे कठीण होऊन बसते.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या नागरिकांना ही चर्चा दूरची वाटू नये. डोंबिवली नागरी (१९७०), ठाणे जनता (१९७२) आणि कल्याण जनता (१९७३) या सहकारी बँका येथील मध्यमवर्गाच्याच विश्वासावर उभ्या राहिल्या. हा विश्वास किती नाजूक असतो, ते पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेने दाखवून दिले. तिचे ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि आरंभी ठेवीदाराला सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा उरली. जानेवारी २०२२ मध्ये त्या बँकेचे विलीनीकरण झाले, तरी मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला १० वर्षांचे हप्ते आले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की त्या संचालक मंडळावर स्त्रियाही होत्या. केवळ खुर्ची भरल्याने पहारा बसत नाही, याला याहून दुसरा पुरावा कशाला हवा?

कायद्याने खुर्च्या राखल्या आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक नेमणे भाग पाडले. तेव्हा अनेक ठिकाणी मालकाच्या पत्नीची वा कन्येची वर्णी लागली! शेवटी २०१९ पासून पहिल्या ५०० आणि २०२० पासून पहिल्या १,००० कंपन्यांसाठी ती स्त्री स्वतंत्र संचालक असावी, असा दंडक सेबीला घालावा लागला. बहुराज्यीय सहकारी संस्थांतही स्त्रियांसाठी २ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १ जागा राखीव आहे. या जागांवर हिशेब जाणणारी, निर्भीड माणसे बसतात की नंदीबैलाप्रमाणे मान डोलावणारी, हे मात्र कायद्याच्या हाती नाही.

ते सभासदांच्या हाती आहे. कंपनीत ज्याचे भाग अधिक त्याचे वजन अधिक. सहकारी बँकेत मात्र प्रत्येक सभासदाला एकच मत. एवढा अधिकार असूनही आम्ही करतो काय? वार्षिक अहवाल न उघडता रद्दीत टाकतो, सर्वसाधारण सभेत ‘मंजूर, मंजूर’ असा गजर करतो आणि भेटवस्तू घेऊन घरी परततो. मंडळावर जाऊ इच्छिणारा उमेदवार कोण, त्याचे मोठ्या कर्जदारांशी नाते काय आणि त्याने आजवर कोणत्या प्रस्तावाला विरोध केला, एवढे तरी विचारणे हे आपले कर्तव्य होय. ठेव विम्याचे संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंतच आहे. त्यापुढील रकमेचे रक्षण जागरूक संचालकच करू शकतील, आणि जे सभासद स्वतः प्रश्न विचारीत नाहीत, त्यांना तसे संचालक लाभणे कठीण आहे.