पाहुण्याला पाणी

यंदा २० मार्च रमजानच्या अगदी शेवटाला येतो आहे. तो दिवस रोज्याचा की ईदचा, हे चंद्रच ठरवील. गेली दोन वर्षे मात्र तो भर रोज्यांत आला. महाडला चवदार तळ्याकडे माणसांची रीघ लागलेली, हातात निळे झेंडे, कडेवर मुले, माथ्यावर कोकणातले मार्चचे ऊन. तळ्याकाठी येऊन ती पाण्याला हात लावतात. रोजेदाराचाही घसा सुकलेला असतो, पण मगरिबला खजूर आणि पाणी मिळणार याची त्याला खात्री असते.

१९२७ साली इथे जमलेल्यांना अशी खात्री नव्हती. नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केले होते, पण फक्त ठरावात. परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला डॉ. आंबेडकर तळ्याचे पाणी प्यायले आणि मग परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. त्या वेळी काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले.

हे आम्ही अभिमानाने सांगतो, सांगावेच. पण त्या तळ्याचे पाणी मुसलमानांना कधी बंद नव्हते, हे सांगायचे राहून जाते. शेजाऱ्याला हाकलतात तिथे आपण घागर भरतो, हे आपल्यापैकी किती जणांना खुपले असेल? तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडले.

आता पर्यटनाचे म्हणाल तर रायगड गेल्या जुलैत जागतिक वारसा यादीत गेला, आनंदच आहे. शिवराज्याभिषेकाला ६ जूनला आणि पुन्हा तिथीला गड फुलून जातो. एरवीचा पाहुणा हिरकणीवाडीच्या रोपवेने वर जातो, उतरतो आणि घरची वाट धरतो. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे, तिथेही सगळे थांबतातच असे नाही. गांधारपाल्याची लेणी तर महामार्गालगत आहेत, तरी गाड्या भरधाव पुढे जातात. पोलादपूर तालुक्यातले तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आणखी आडवाटेला. पाहुणा एक रात्र राहिला तर दोन्ही तालुक्यांतल्या घरांत चार पैसे येतील, यात वाद नाही.

मला खटकते ते वेगळेच. मोटारीतून येतो तो आपल्या बोलण्यात पर्यटक. एसटीने येतो, घरची भाकरी तळ्याकाठी सोडतो, त्याला आपण गर्दी म्हणतो. वाहनतळ आणि सेल्फीची जागा पर्यटकासाठी. गर्दीतल्या बाईला शौचालय कुठे आहे, हे मात्र विचारत फिरावे लागते. शंभर वर्षांपूर्वी ज्या गावात पाणी विकत घ्यावे लागले, तिथेच तिच्या नातीने बाटलीला वीस रुपये मोजायचे का?

पुढच्या २० मार्चला सत्याग्रहाला शंभर वर्षे होतील. तोवर ईद होऊन गेलेली असेल, म्हणजे रोज्याची सबबही नाही. स्थानकापासून तळ्यापर्यंत प्रत्येक मोहल्ल्याने, प्रत्येक आळीने आपल्या दारात पाण्याचा माठ ठेवावा, सावलीला मांडव घालावा. शाळेतल्या मुलांनी उभे राहून पाहुण्यांना फत्तेखानांची जागा दाखवावी आणि घागरीची गोष्टही सांगावी. मांडवाचे बांबू आमच्या मोहल्ल्यातून देऊ. पलीकडच्या आळीने दोऱ्या आणाव्यात.