पागेसाहेबांची हमी

बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. डाव्या हाताच्या बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले असत, तरी हातोडी कधीमधी बोटावर बसायचीच. संध्याकाळी ती पदरात सुकडी बांधून आणायची आणि आम्ही भावंडं तिच्या वाटेवर उभी. घरात मिलोची लाल भाकरी. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या वयाच्या कुणालाही विचारा, त्या भाकरीची चव अजून सांगतील.

ते दुष्काळी काम होतं. सरकारनं काढलं तर मिळायचं. पुढं ऐंशीनंतर पावसानं ओढ दिली, तेव्हा हीच बाई गावातल्या बायका घेऊन तहसीलवर गेली. म्हणाली, "काम काढा, कायदाय तसा." पाझर तलावाचं काम निघालं. बाप्यांच्या आणि बायकांच्या मजुरीचा दर एकच.

हा रोजगार हमीचा कायदा ज्यांच्या डोक्यातून निघाला ते वि. स. पागे, तासगाव तालुक्यातले. १९६० ते १९७८, सलग अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. त्या खुर्चीतल्या माणसाला सभागृहाच्या चर्चेत उतरता येत नाही, त्यानं ऐकायचं. पागेंनी दुष्काळावरची कितीतरी भाषणं ऐकली असतील. पण त्यांनी आपल्या भागातल्या विसापूरला मागेल त्याला काम देऊन पाहिलं आणि ती कल्पना मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना पटवली. पैसा कुठून आणायचा? १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला आणि तेवढीच भर सरकारनं घालायची ठरली. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातले चार पैसे आमच्या पाझर तलावावर पोचले. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तोवर पागेसाहेब खुर्चीवरून उतरले होते. देशाला असा कायदा करायला २००५ साल उजाडलं.

नाईकसाहेबांचं नाव आमच्या कृषी विद्यापीठाला आहे, ते विद्यापीठही बहात्तर सालचंच. त्यांचं नाव दिलं ते योग्यच झालं. पागेंचं नाव मात्र आमच्याकडं रोजगार हमीवर राबलेल्यांनाही ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा आईला त्यांचा फोटो दाखवला. चष्मा लावून तिनं बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "मस्टरवर आंगठा घेताना मुकादमानं ह्यांचं नाव सांगायला पायजे व्हतं."