चित्रं आहेत म्हणून काय झालं?

गेल्या उन्हाळ्यात एका कुटुंबानं आमच्या संस्थेला दोन खोकी पुस्तकं दिली. मुलं शिकून परगावी गेली, घर आवरायला काढलं, त्यात निघालेली. शाहूपुरीत आम्ही चारपाचजणी मिळून संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. गूळ मार्केटात हमाली करणाऱ्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची मुलं तिथं येतात. एका खोक्यात शब्दकोश, चरित्रं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. दुसऱ्यात काठोकाठ कॉमिक्स! अमर चित्रकथा, चाचा चौधरी, ‘चंपक’-‘ठकठक’चे जुने अंक आणि अगदी तळाला कुणा मामा-काकाच्या वेळचा वेताळ. आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी दोन्हींवर नजर टाकून लगेच निकाल दिला, “हे कपाटात ठेवा, ते रद्दीत घाला. पोरांना वाचायची गोडी लावायचीय, चित्रं बघायची नाही.”

रद्दीत काही घातलं नाही. कोपऱ्यात सतरंजीवर मांडून ठेवलं, कुलूप न लावता. कपाटातली चरित्रं आजही कोरी करकरीत आहेत. सतरंजीवरच्या अंकांची मात्र पानं सुटली, दोनदा खळ लावून चिकटवली.

सातवीतली एक मुलगी यायची. अक्षरं येत होती, पण सलग परिच्छेद दिसला की तोंडाला कुलूप. पुस्तक तोंडासमोर धरायची आणि गप्प. तिनं चाचा चौधरी उचलला. फुग्यात चारच शब्द, आणि साबू रागावलाय हे चित्रात दिसतंच. म्हणजे अडलेला शब्द काय असेल, ते चित्रच सांगतं. चुकलं तरी हसायला कुणी नाही. तीनेक आठवड्यांनी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “काकू, ह्येच्या फुडचं हाय का?” शाळेत सात वर्षं काढली, पण ‘पुढचं’ मागावं असं तिला तिथं काही मिळालं नव्हतं.

हे सांगितलं की लोक समजूतदारपणे मान हलवतात. “असू दे, निदान त्यानं वाचायला तरी लागली. आता हळूहळू खऱ्या पुस्तकांकडे वळेल.” खऱ्या! हे ऐकलं की मला ‘रद्दीत घाला’पेक्षाही जास्त राग येतो. म्हणजे कॉमिक्स ही पायरी, तिच्यावर पाय देऊन वर जायचं. ती मुलगी उद्या जाडजूड कादंबरी वाचेल, न वाचेल. पण ती पोट धरून हसली, अमर चित्रकथेतल्या सावित्रीबद्दल माझ्याशी तावातावानं भांडली, ते काय खोटं वाचन होतं?

आणि मैत्रिणींनो, दुसऱ्या कुणी हे बोललं तर एक वेळ चालेल, आपण कोल्हापूरकरांनी बोलू नये. कारण ज्या सिनेमाच्या जोरावर आपण ‘कलापूर’ म्हणून मिरवतो, तो सिनेमा एके काळी असाच हलका होता. १९१३ साली फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती करायला बाई मिळेना. शेवटी साळुंके नावाच्या तरुणानं लुगडं नेसून ती केली. आपल्या बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’त बायकांना पडद्यावर आणलं, त्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई, पण पडद्यावर झळकल्या त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी. दुर्गाबाई खोटे सिनेमात आल्या तेव्हा ‘चांगल्या घरची शिकलेली बाई आणि हे धंदे?’ म्हणून केवढा गहजब झाला! त्यांचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली इथं, कोल्हापुरातच, प्रभातनं काढला. पुढे १९८३ सालचा फाळके पुरस्कार त्याच दुर्गाबाईंना मिळाला. आज खरी कॉर्नरला बाबूरावांच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. तेव्हा नाकं मुरडणाऱ्या एकाचं तरी नाव कुणाला आठवतं का?

नाटकाची गोष्ट काही वेगळी नाही. नाटकवाल्यांना मुलगी द्यायला लोक कचरायचे. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, तेव्हा मोठमोठी माणसं रस्त्यात उभी राहून रडली.

चित्रांतून गोष्ट सांगणं हे काही परदेशातून आलेलं खूळ नव्हे. इथून घाट उतरून गेलं की सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथले ठाकर कलाकार पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सादर करतात. एकेक चित्र पुढं धरायचं, गोष्ट सांगायची, मग पुढचं चित्र. कॉमिक्स याहून वेगळं काय असतं? चित्रकथीसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चाचा चौधरी काढणाऱ्या प्राण यांनाही २०१५ साली पद्मश्री मिळाली, पण मरणोत्तर.

अमेरिकेत आर्ट स्पीगलमन यांनी आपल्या वडिलांची, नाझी छळछावणीतून वाचलेल्या ज्यू माणसाची कहाणी कॉमिक्समध्ये मांडली. ज्यू म्हणजे उंदीर, नाझी म्हणजे मांजरं. त्या ‘माउस’ला १९९२ साली पुलित्झर मिळालं. पण मला जास्त जवळचं वाटतं ते आपल्याकडचं ‘भीमायन’. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकार जोडप्यानं काढलेलं, २०११ सालचं. लहानगे भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरतात, न्यायला कुणी आलेलं नसतं, आणि जात कळल्यावर कुणी गाडीवानसुद्धा त्यांना न्यायला तयार होत नाही. मसूर म्हणजे आपल्या कोल्हापूर-पुणे मार्गावरचंच स्टेशन. त्या मुलांची तहान नुसती वाचणं वेगळं आणि चित्रात बघणं वेगळं. याला कुणी पोरखेळ म्हणून दाखवावं!

आता व्हिडीओ गेम. इथं आयांचा आवाज चढणार, मला ठाऊक आहे. काळजी खोटी नाही. गेमचं व्यसन हा आजार आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ सालीच मान्य केलंय. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमपायी घरं बसली. त्यावर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. पण तो जुगार होता. लॉटरीचं तिकीट कागदावर छापतात म्हणून आपण ज्ञानेश्वरीवर संशय घेतो का? मूल किती वेळ खेळतं हे जरूर विचारा. त्याचबरोबर काय खेळतं हेही विचारा की! तो दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानं २०१२ साली पॅकमन आणि टेट्रिस आपल्या संग्रहात घेतले, आणि आमच्याकडे त्याला एकच नाव, ‘मोबाइलमध्ये डोकं खुपसणं’.

मला तर वाटतं, एखादी गोष्ट हलकी की भारी हे ती कशी आहे यावर ठरतच नाही, ती कोण वाचतं-बघतं यावर ठरतं. पोरंसोरं वाचतात म्हणून कॉमिक्स हलकं. कामकरी माणसं बघायची म्हणून तमाशा हलका. आणि बायका वाचतात म्हणून? ही पुरवणी घरात येते तेव्हा मुख्य अंक आधी कुणाच्या हातात जातो, आणि ‘हे तुझं घे’ म्हणून काय आपल्याकडे सरकवलं जातं, ते आठवून बघा. आपण दुपारी वाचतो तो ‘टाइमपास’, आपण बघतो त्या ‘बायकांच्या मालिका’. रमाबाई रानड्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त लिहून ठेवलंय, त्या शिकत होत्या म्हणून घरातल्या बायकाच त्यांना किती घालूनपाडून बोलायच्या. ज्यांना नावं ठेवली गेली त्यांनीच पुढं दुसऱ्याला नावं ठेवायची, ही आपली जुनी खोड दिसते.

माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो कॉम्प्युटरवर ‘राजी’ नावाचा गेम खेळत होता. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनं २०२० साली काढलेला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी; राक्षस तिच्या धाकट्या भावाला पळवतात, आणि दुर्गेचा त्रिशूळ घेऊन ही एकटी त्याला शोधायला निघते. मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलीय, पिंगुळीत खेळतात तशाच. जाऊबाई पोळ्यांचं पीठ मळता मळता दारात उभ्या होत्या, “काय ही सारखी मारामारी!” म्हणत. मग पिठाच्या हातानंच येऊन पलंगावर टेकल्या. रात्री जेवायला वाढताना त्यांनी हळूच विचारलं, “का रे, त्या पोरीला तिचा भाऊ घावला का?”