तास नको, काम लिहा

राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं मी भंडारा जिल्ह्यात बरीच वर्षं सांभाळली. १९६९ पासूनच्या या योजनेत विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास सेवा करावी लागते. आपल्याकडे त्यातले बरेचसे तास रॅली आणि भिंतीवरच्या घोषणांत जातात. मला हे मुळीच पटत नाही, कारण खरं काम करायला इथे गावोगावी तलाव आहेत.

कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधायला घेतलेले हे तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, ते सरकारकडे गेले आणि माजी मालगुजारी म्हणजे ‘मामा तलाव’ झाले. आज कितीतरी तलाव गाळाने आणि बेशरम या झुडपाने भरलेत. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मासेमार ढिवर बांधवांसोबत काही तलाव सावरून दाखवले: बेशरम उपटायची, उन्हाळ्यात तळ नांगरायचा, स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. मग देशी मासे परततात.

कोणती वनस्पती किती पाण्यात रुजते, कोणता मासा कुठे अंडी घालतो, हे म्हाताऱ्या ढिवरांना तोंडपाठ असतं. शिबिरातल्या पोरांनी ते लिहून घ्यावं, जाळ्यातले मासे ओळखावे, तलावाच्या पाळीचा, म्हणजे बांधाचा, उतार मोजावा. जूनमध्ये पहाटे सारस पक्ष्यांची गणना होते, तेव्हा दुर्बीण घेऊन धानाच्या बांधीत बसावं. या नोंदी करता येणारा मुलगा वन विभागालाही हवा असतो, जलसंधारणालाही.

म्हणून विद्यापीठाने योजनेच्या प्रमाणपत्रावर नुसते तास न लिहिता काम लिहावं, तलावाच्या नावासकट. आणि शिकवणाऱ्या ढिवराला मानधन द्यावं, पाहुण्या प्राध्यापकाला देतो तेवढंच.