पाहावे, साठवू नये

भ्रमणध्वनीवर मागणी नोंदवावी आणि घटकाभरात किराणा दारी यावा, ही सोय आता मध्यमवर्गीय घरांच्या अंगवळणी पडली आहे. परंतु त्याच पिशवीतून सिगारेटही येऊ लागली, तेव्हा दार उघडणारा सज्ञान आहे की शाळकरी, हा प्रश्न गंभीर ठरतो. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस अशी विक्री निषिद्ध केली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. पूर्वी कोपऱ्यावरचा वाणी मुलाला नावाने ओळखत असे आणि ‘वडिलांना पाठव’ म्हणून परत धाडत असे. आज पोहोचवणाऱ्याला तो परिचय नाही आणि वेळही नाही. म्हणून वयाची तपासणी दारातच झाली पाहिजे.

मात्र त्यासाठी ओळखपत्रावर एक नजर पुरते. त्याचे छायाचित्र काढून ठेवण्याचे प्रयोजन काय? सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. हेतूपुरतीच माहिती घ्यावी, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचेही सूत्र आहे.

कंपन्यांनी ते पाळावे, आणि कुटुंबांनीही सजग राहावे. ओळखपत्र दाखवावे, प्रत मागितल्यास कारण विचारावे. आधारची प्रत देणे भागच पडले, तर अखेरचे ४ अंकच दिसणारी द्यावी. मुलांना व्यसनापासून जपताना घराची माहिती वाऱ्यावर सोडणे शहाणपणाचे नाही.